होल्डवरची गोधडी

३ जून, सोमवार
हिचा मोबाइल नंबर बंद करायला कंपनीला पुन्हा फोन केला. ती जाऊन चार महिने झाले. हा नववा फोन. सत्तावीस मिनिटं होल्डवर. तेच संगीत, मधेमधे तीच बाई: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
ठरलं. यावर एक विनोदी गोधडी शिवायची. बारा चौकोन. मधोमध कंपनीचं तोंड, ओठांच्या जागी खरी चेन. उघडली की आत काहीच नाही. चाळीस वर्षं नकाशे काढले आहेत, चौकोनांचं काय एवढं! तीस तारखेला हिच्या शिवणक्लासचं प्रदर्शन आहे. तिथल्या बाईंना कळवून टाकलं.

५ जून
सुई ओवली. हल्ली सुयांची भोकं लहान करतात.

७ जून
युक्ती सुचली. होल्डवर असतानाच शिवायचं. रेंज फक्त खिडकीत, म्हणून फोन तिथे स्पीकरवर. मी खुर्चीत. वेळ सत्कारणी. पहिला चौकोन, ‘एक दाबा’, जवळजवळ पूर्ण.
एकतिसाव्या मिनिटाला त्यांनी उचलला. नेमका टाका अर्धवट. उठून फोन बंद केला. शिस्त म्हणजे शिस्त.

११ जून
हिच्या फोनवर तीन कॉल. पाण्याच्या फिल्टरवाल्याला सांगितलं, ती बाहेर गेलीय. केव्हा येतील, म्हणाला. नक्की सांगता येत नाही, म्हटलं. मग फिल्टरबद्दल दहा मिनिटं बोललो. हा त्रास लवकर थांबायला हवा.

१५ जून
ताई आली. दुसऱ्या चौकोनात ताटकळून लाल झालेला कान आहे. बटाटा छान जमलाय, म्हणाली. नंबर बंद झाला का, विचारलं. कंपनीवाले उचलतच नाहीत, असं सांगत असतानाच होल्डवरचा फोन त्यांनी उचलला. मी उठून बंद केला.
“तुला तो नंबर बंद करायचाच नाहीये,” ताई म्हणाली.
तुला कलेतलं कळत नाही, म्हटलं. तिनं चहाचे कप गरजेपेक्षा जास्त आवाज करत विसळले.

२२ जून
बारा चौकोन म्हणजे गर्दी. आधुनिक कलेत रिकामी जागा महत्त्वाची. सहा पुरेत.
संध्याकाळी: चार.

२६ जून, सकाळी ११
घोटाळा. चौथा चौकोन मांडीवर घेऊन शिवत होतो. एकोणिसाव्या मिनिटाला पलीकडून उचलला. उठायला गेलो, उठता येईना. गोधडी, पायजमा आणि खुर्चीची खोळ, तिन्ही एकाच दोऱ्यात. कात्री खिडकीत, फोनशेजारी.
तो गृहस्थ हॅलो हॅलो करत राहिला. उत्तर न देणं असभ्य दिसलं असतं. खुर्चीतूनच ओरडून हिचं नाव सांगितलं, तारीख सांगितली. मृत्यूचा दाखला ताईनं केव्हाच पाठवलेला होता. फक्त माझा होकार बाकी होता, म्हणाला. दिला. चार मिनिटांत नंबर बंद.
आणखी काही मदत करू का, असंही विचारलं त्यानं. कात्री मागावीशी वाटली.

२७ जून
हिच्या नंबरवर तीन फोन करून पाहिले. हा नंबर अस्तित्वात नाही म्हणतात. भाषा तरी बरी वापरावी.

३० जून, दुपार
प्रदर्शनाला गेलो नाही. साडेतीन चौकोन काय टांगणार? होल्डशिवाय हात चालत नाही, एवढाच प्रश्न आहे. विजेचा मीटरही हिच्या नावावर आहे, आणि वीज कंपनी अर्धा तास हमखास ताटकळवते. तेवढ्यात चौथा चौकोन सहज पुरा होईल. सुई ओवून, चष्मा पुसून फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला. बाई होत्या. काय काम आहे, म्हणाल्या. तयारी काहीच नव्हती.
“माझी बायको वारली,” म्हटलं.
त्या म्हणाल्या, “बोला काका. मी ऐकतेय.”
एक टाकासुद्धा झाला नाही.