सतरा नंबरचं झाड

ती. मामा,

नमस्कार. वाकून केला आहे असं समजा, कारण पाठ धरल्यामुळे सध्या मला वाकता येत नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाच्या लिफ्टवाल्या इमारतीत राहायला गेल्यापासून तुम्ही चालणंच सोडलंय, असं आई सांगते. रोज थोडं चालत जा. तुमच्या जुन्या घरासमोरच्या झाडावर पालिकेचा माणूस लाल फुली मारून गेला, म्हणजे तुमचा अर्ज मंजूर झाला. घर घेणाऱ्यांना गाडी आत घ्यायला जागा हवी, हे मला समजतं. सोमवारी झाड पाडणार आहेत. त्याबद्दल मी अवाक्षरही काढणार नाही. हे पत्र निव्वळ माझ्या अभ्यासाबद्दल आहे.

(अभ्यास म्हणजे, तुम्ही चारचौघांत म्हणालात तसं, झाडांना टोचत फिरणं नव्हे. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध आहे.) झाड खोडात दरवर्षी एक वलय वाढवतं. पाणी मिळालं तर रुंद, उपासमार झाली तर बारीक. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी काढायची, वाळवायची, घासायची आणि भिंगाखाली वलयं मोजायची. झाडाला फारशी इजा होत नाही. मला झाली. नवव्या झाडात गिरमिट अडकलं, ते ओढताना पाठीत चमक भरली, आणि बघायला जमलेले एक आजोबा मला शेवटपर्यंत विचारत राहिले की झाडाला ताप किती आहे. घरी वेगळाच प्रकार. वाळत ठेवलेल्या कांड्यांपैकी एकीनं बाबांनी चहा ढवळला. तिसऱ्या झाडाचे निष्कर्ष त्यामुळे जरा गोड आहेत.

तर तुमच्या त्या रस्त्यावरची चाळीस झाडं मी मोजली. बावीस वर्षांपूर्वी रस्ता काँक्रीटचा झाला आणि बुंध्यापर्यंत सगळं बंद झालं. त्या वर्षापासून एकूणएक झाडाची वलयं दोऱ्याएवढी. (रस्ता कोणत्या अभियंत्यानं केला हे प्रबंधात लिहिलेलं नाही. आईनंच गाळायला लावलं.) फक्त सतरा नंबर ऐकेना. म्हणजे तुमच्या दारातलं. काँक्रीट झाल्यावरही सोळा वर्षं त्याची वलयं चांगली गुबगुबीत, आणि मग शेवटची सहा एकदम बारीक. प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, कारण शोध, नाहीतर झाड यादीतून काढ. मला वाटलं, खाली पाइप गळत असणार. पाणी खात्यातल्या माणसानं नकाशा काढून दाखवला, तिथे पाइपच नाही.

शेवटी समोरच्या शिंपीकाकांना विचारलं. ते तीस वर्षं रस्त्याकडे तोंड करून मशीनवर बसलेले आहेत. मामा, तो ठेकेदार आठवतो? या झाडापाशी काँक्रीट फुटतं म्हणून तुम्ही त्याला तीनदा फैलावर घेतलंत आणि त्यानं बिचाऱ्यानं तीनदा दुरुस्त करून दिलं. अजूनही चार माणसं जमली की तुम्ही त्याच्या नावानं बोटं मोडता. काकांनी तोंडातली टाचणी काढून ठेवली आणि म्हणाले, "फुटतंय कुठलं? तुमच्या मामी दुपारी हातोडी घेऊन यायच्या. फोडून झालं की रोज कपडे धुतल्याचं पाणी तिथे ओतायच्या. साहेबांना सांगू नका म्हणाल्या होत्या, म्हणून नाही सांगितलं."

मी तिथेच पायरीवर बसले. मामींना जाऊन सहा वर्षं झाली; ठेकेदाराची शेवटची दुरुस्ती त्याच वर्षीची, ती मात्र टिकली. वहीतले आकडे तीनदा तपासले, मॅडमची शिकवण आहे तशी. तेच आले. मग मला रडू आवरेना. काकांनी अस्तराचा तुकडा दिला नाक पुसायला, आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

मॅडम म्हणतात, घरातल्या माणसाचा लेखी दुजोरा हवा. तेव्हा एवढंच कळवा: त्या वर्षांत तुम्हाला घरात हातोडी जागेवर सापडत नसे का? खाली सही करा.

तुमची भाची

ता. क. ठेकेदाराचा पत्ता मिळाला आहे. तुम्हाला लागेल असं वाटतं.

ता. क. २. सतरा नंबरची कांडी सोबत पाठवते आहे. चहात घालू नका. सालीच्या बाजूनं मोजत या. सहा बारीक वलयं सोडलीत की तिथून मामी सुरू होतात. चष्मा लागणार नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतात.

ता. क. ३. अवाक्षर काढणार नाही म्हटलं होतं, ते जमलं नाही. अर्ज मागे घ्यायची मुदत शनिवारी दुपारपर्यंत आहे आणि अर्जदारानं स्वतः यावं लागतं. काल दुपारी मी हातोडी घेऊन गेले. नेमकी कुठे मारायची ते काकांनी दाखवलं. पाठीमुळे अर्धंच फुटलं. बादलीभर पाणी ओतून आले आहे. उरलेलं फोडायला तुम्ही या, मामा. काँक्रीट तुमचंच आहे.