तंबाखू, आंबा आणि एक तप

१ फेब्रुवारी, रविवार
गुरुजी येऊन गेले. उद्यापन अक्षय्यतृतीयेला ठरलं. त्या दिवशी बारा वर्षं पुरी होतात, एक तप. मिथू तेव्हा आठ वर्षांची. दुसऱ्या दिवशी तिच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून आम्ही नवराबायकोने खंडोबाला नवस बोललेला: पोरगी घरी येऊ दे. बारा वर्षं सुनंदा आंबा खाणार नाही, मी तंबाखू.

पोरगी घरी आली. आता वाघोलीला कॉलेजात जाते आणि माझ्यापेक्षा जोरात जिने चढते. सु.ने बारा वर्षांत आंब्याची फोड तोंडात घातलेली नाही. मी तंबाखू सोडली ती चौदा महिने.

गुरुजी म्हणाले, “सोपं आहे. पाटावर बसायचं, हातावर पाणी घ्यायचं, तप नीट पार पडलं असं देवापुढे म्हणायचं, पाणी ताम्हनात सोडायचं.” सु. माझ्याकडे बघून हसली. फार दिवसांनी अशी हसली. मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी घातलेलंच होतं.

२ फेब्रु., सोम.
या वहीत गेली अकरा वर्षं मी ‘औषध’ लिहीत आलो. औषध दोनदा. औषध संपलं, कारखान्यातल्या शेलारकडून घेतलं. सु. कधी वही उघडत नाही, तरीसुद्धा. आजपासून पूर्ण शब्द. तंबाखू. आज चारदा.

पुन्हा सुरू कशी झाली तेही लिहून टाकतो. संकट वगैरे काही नव्हतं. शेलारला बढती मिळाली, त्याने मळली, तळहात पुढे केला, मी चिमूट उचलली. बास. काही मोठं कारण असतं तर देवाला सांगायला तरी झालं असतं. घरी कधीच नाही. कारखान्यात, आणि रविवारी दूध आणायला जाताना. परतताना चूळ, लवंग.

कारखान्यात मी तपासनीस. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. एकतीस वर्षांत खोटी सही नाही. शेलार म्हणतो, “तुम्ही सख्ख्या बापाचा मालसुद्धा परत पाठवाल.” पाठवीन.

आणि देवघरापुढे मात्र अकरा वर्षं मान वर केलेली नाही. हात जोडतो ते समईकडे बघून. खंडोबाच्या चांदीच्या टाकाला एवढे मोठे डोळे कशाला करतात कोण जाणे.

मेअखेर रिटायर. त्याआधी, खरं म्हणजे उद्यापनाआधीच, दोन गोष्टी. एक, तंबाखू सुटली पाहिजे. दोन, सु.ला सांगितलं पाहिजे. दुसरी सध्या नुसती लिहून ठेवतो.

४ फेब्रु., बुध.
एक ठरवलं. रोज आंघोळीनंतर टाकापुढे उभं राहून आदल्या दिवशीचं खरं काय ते सांगायचं. मागायचं काही नाही, मागायला तोंड नाही. नुसतं सांगायचं. आज सांगितलं, “काल तीनदा.” कामावर हजेरी लावल्यासारखं वाटलं. पण लावली.

९ फेब्रु., सोम.
पहिली पायरी: जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाही. गुरुवारी दहा चाळीसला हरलो. शुक्र., शनि. जमलं. आज शेलारने पुडी काढली तेव्हा म्हटलं, दुपारनंतर बघू. तो म्हणाला, “डॉक्टरने सांगितलं का?” हो म्हणालो. म्हणजे एक सोडताना दुसरं सुरू. उद्या देवाला तेही सांगावं लागणार.

१५ फेब्रु., महाशिवरात्र
उपास. दूध आणायला मिथूला पाठवलं. दिवसभर एकही नाही, अकरा वर्षांत पहिल्यांदा. डोकं असं ठणकतंय की साबुदाण्याची खिचडीही गोड लागेना. सु. म्हणाली, “चेहरा असा का? हलाहल शंकरांनी तुम्हाला दिलं की काय अर्धं?” मिथू म्हणाली, “बाबा, तू आज इतका लो का वाटतोयस?” दोघींना सांगितलं, उपासाने होतं. सु.ने न विचारता कपाळाला बाम चोळला. तिचे हात खरखरीत झालेत. बाम चोळून घेताना फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

२२ फेब्रु., रवि.
अक्काचा फोन. माझी मोठी बहीण. तिच्या यजमानांची तंबाखू काही सुटत नाही. सु. स्पीकरवर सांगत होती, “अहो अक्का, तुमच्या भावाकडे बघा. एका दिवसात सोडली. पुन्हा वास म्हणून नाही. मी दुसऱ्या कशाचं कौतुक करणार नाही हो ह्यांच्या, पण एवढं मात्र...”

मी पेपर वाचत होतो. कुठलं पान होतं सांगता येणार नाही. 

सु. कौतुक करायला फार कंजूष. एक साठवून ठेवलंय माझ्यासाठी आणि तेच पोकळ.

६ मार्च, शुक्र.
काल दोनदा. सलग नऊ दिवस जमलं होतं. दहाव्या दिवशी स्वतःवर खूश झालो, त्या खुशीत खाल्ली. माझ्यासारखा मीच.

सकाळी देवाला सांगितलं. लाज वाटली, पण नेहमीपेक्षा कमी. नजर समईवरून सरकून टाकावरच्या घोड्याच्या पायांपर्यंत गेली. प्रगती.

१९ मार्च, गुढीपाडवा
तेरावा दिवस पार पडला. आज मिथूने हौसेने आम्रखंड आणलं. आईच्या नवसाचं तिच्या डोक्यातून गेलं. लक्षात आल्यावर पोर रडवेली झाली. सु.ने तिला बोलूच दिलं नाही. “मला चक्का पुरे,” म्हणाली आणि साखर घालून चक्का घेतला. आम्हाला दोघांना आम्रखंड वाढलं. वाढताना बोटाला लागलं ते ओट्यापाशी जाऊन नळाखाली धुतलं. चाटलं असतं तर कोणाला कळणार होतं? तिला वाटत होतं कोणी बघत नाही. मी बघत होतो.

पोळी तशीच ठेवली. माझं हिच्यावर फार प्रेम आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे कधी लिहिलं नव्हतं.

आज सांगायला हवं होतं. सणाचं कशाला, म्हणून राहिलं.

२८ मार्च, शनि.
गुरुजींकडे गेलो. म्हटलं, समजा एखाद्याने तप धरलं आणि ते मधेच मोडलं, तर उद्यापनाचं काय?

गुरुजी सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, “एखाद्याने म्हणजे आपण ना?”

हो म्हणालो.

“देवासाठी प्रायश्चित्त आहे. पोथीत दिलंय, पाच मिनिटांत होतं, मी करून देतो.” मग वर बघितलं. “वहिनींसाठी पोथीत काही नाही.”

परत येताना पूर्ण रस्ता चालत आलो. खंडोबाची भीती कमी झाली होती आणि सुनंदाची वाढली होती.

५ एप्रिल, रवि.
सांगितलं.

एकतिसावा दिवस. मिथू मैत्रिणीकडे गेलेली. सु. उद्यापनाचं ताम्हन चिंचेने घासत होती. मी समोर पाट ओढून बसलो. म्हणालो, “मी तप मोडलंय. चौदा महिन्यांनंतर खायला लागलो. महिनाभर झाला, बंद आहे.”

तिने घासणं थांबवलं नाही. “किती वर्षं?”

“अकरा.”

मग थांबली. मला वाटलं होतं ओरडेल. माझी तयारी ओरडण्याचीच होती. ताम्हनाकडे बघतच म्हणाली, “अकरा उन्हाळे मी शिकरण खाल्ली.”

दुसरं काहीही म्हणाली असती तर मी टिकलो असतो. मी रडलो. ती उठून हात धुवायला गेली. 

९ एप्रिल, गुरु.
कामापुरतं बोलते. “डबा.” “गॅसवाला आला होता.” ‘अहो’ नाही, काही नाही. डबा मात्र रोज गरम, आणि काल माझ्या आवडीची शेवग्याची आमटी. रागातही डाळ नीट शिजवणारी बाई आहे.

आज स्वयंपाकघरातून एवढंच ऐकू आलं: “अक्कांना काय सांगितलं होतं मी. अक्कांना.” मला उद्देशून होतं की भांड्यांना, कळलं नाही.

मिथूने विचारलं, भांडलात का. तिलाही सांगून टाकलं. म्हणाली, “माझ्यासाठी होतं ना ते?” तुझ्यासाठीच, म्हणालो.

आणि तरी, हे लिहायला चमत्कारिक वाटतं, सकाळी टाकापुढे उभा राहतो तेव्हा पूर्वीइतका वाकलेला नसतो. घरात मान खाली, देवघरात थोडी वर. 

१२ एप्रिल, रवि.
सु.ने स्वतः गुरुजींना फोन लावला. “उद्यापन या वर्षी नको. झालेलं नाही अजून.” तिकडून काही विचारलं असावं. “नाही, माझं झालंय. आमचं नाही.” फोन ठेवला.

मी म्हणालो, “तुझं पुरं झालंय ना. तू कशाला? उद्या आंब्याची पेटी आणतो, तू खा.”

“मी देवाला माझ्यापुरतं नव्हते बोलले. जिन्यात दोघं उभे होतो.”

“मग काय, पुन्हा बारा वर्षं? मी बहात्तरचा होईन.”

“अहो, बारा वर्षं तुम्हाला झेपत नाहीत, ते कळलं मला.” सात दिवसांनी अहो म्हणाली. “एक वर्ष. या अक्षय्यतृतीयेपासून. तुम्ही एक वर्ष नीट काढा, मग उद्यापन, मग आंबा. तोवर मीही नाही.”

“आणि मधे मोडलं तर?”

“तर त्याच दिवशी मला येऊन सांगायचं. देवाला सकाळी सांगा, तो कुठे जात नाही. मला त्याच दिवशी.”

१९ एप्रिल, अक्षय्यतृतीया
गुरुजी नाहीत, पाहुणे नाहीत. सु.ने दोन पाट मांडले. मला हातावर पाणी घ्यायला लावलं. मंत्र येत नाहीत, मराठीतच म्हणालो: एक वर्ष, तंबाखू नाही, मोडली तर लपवणार नाही. पूजेत नवऱ्याच्या हाताला बायकोचा हात लागावा लागतो. तिने लावला. एकच बोट, तेही मनगटाला. मी समजून घेतलं. पाणी सोडलं.

मिथूने फोटो काढू का विचारलं. सु. म्हणाली, “पुढच्या वर्षी काढ. आधी माल पास होऊ दे.”

२४ एप्रिल, शुक्र.
मोडलं.

माझ्या निरोपाचं बोलणं चाललं होतं, कोण भाषण करणार, हार किती. शेलार हारांची यादी करता करता थांबला. एकतीस वर्षं एका टेबलाशी बसलो आम्ही. बोलता येईना म्हणून त्याने मळली आणि हात पुढे केला. मी घेतली. अर्ध्या मिनिटात थुंकली, पण घेतली होती. एकोणपन्नास दिवस झाले होते.

घरी येताना लवंग खाल्ली नाही. सु. तांदूळ निवडत होती. दारातच सांगितलं, चपला पायात असताना.

ती ताटातले खडे बाजूला करत राहिली. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

“म्हणजे माझा आंबा पाच दिवस पुढे गेला,” म्हणाली. “हातपाय धुऊन या. चहा ठेवते.”

२५ एप्रिल, शनि.
सकाळी टाकापुढे उभा राहिलो. “काल एकदा,” म्हणालो. म्हणताना कळलं की मी समईकडे बघत नाहीये, सरळ डोळ्यांत बघतोय. एकोणपन्नास दिवस नीट गेले तेव्हा जे धैर्य झालं नव्हतं, ते आज, मोडल्यावर. काही लपवायचं उरलं नाही, एवढंच कारण सुचतं.

मग बारा वर्षांत पहिल्यांदा मागितलं. पुढच्या उन्हाळ्यात हिला आंबा खाता येऊ दे. मागून झाल्यावर लक्षात आलं, हे देण्याचं काम त्याचं नाही, माझं आहे. तरी मागणं परत घेतलं नाही.

मागून सु.चा आवाज आला, “अहो, डबा थंड होतोय.” कामावर पोचायला सात मिनिटं उशीर झाला. शेलारने पुडी पुढे केली. आज नको म्हणालो. उद्याचं उद्या.