सुंदरबाईची पोळी सपक झाली

९ मे २०२१
धुळ्याहून साडूच्या मुलाचं लग्न लावून परत. ज्योती म्हणाली, आबा, सात दिवस मागच्या खोलीतच राहा. सून आरोग्य केंद्राची आशाताई झाली म्हणून सासऱ्यावर हुकूम? मी मोकळा माणूस. खोलीत बसलो, पण स्वतःच्या मर्जीने.

१० मे, सकाळी
समोरच्या वनाने लस घेतल्याचा फोटो परत व्हॉट्सॲपवर टाकला. दंड फुगवून. त्याने आधी घेतली, म्हणून मी घेतलीच नाही. त्याच्या मागे लायनीत उभं राहणं जमणार नाही.

१२ मे
अंग कसकसतंय. पंख्यामुळे. ज्योतीला सांगितलं नाही, उगाच बाऊ करते. निश्चय: खोलीबाहेर पाय टाकायचा नाही.

१४ मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)
वनाच्या गोठ्यात पत्त्यांचा डाव. हसणं इथवर ऐकू येतंय. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मला बोलावलं नाही. मागच्या दाराने गेलो. वना म्हणाला, नवल, तुला तर सूनबाईनं कोंडेल शे ना? सगळे हसले. मी म्हटलं, मला कोंडणारा अजून जन्मायचाय. मास्क खिशात होता.
सुंदरबाईने खापरावरची पुरणपोळी आणि रस वाढला. वनाच्या बायकोची पोळी, वनाच्या बायकोची पोळी! चाळीस वर्षं हेच ऐकतोय. आज खाल्ली तर सपक. रसही पाणी. सगळ्यांसमोर म्हटलं, सुंदरबाई, तुमचा हात गेला. तिचं तोंड उतरलं. मला फार बरं वाटलं.

१५ मे
घरी बायकोचा, यशोदाचा ठेचाही सपक. ओरडलो. ज्योतीने कांदा फोडून नाकाशी धरला. वास नाही. विचारलं, आबा, काल कुठे गेले होते? म्हटलं, कुठेच नाही.

१६ मे
पॉझिटिव्ह. गल्लीत पहिला नंबर माझा. वनाचा नाही.

२३ मे
मी बरा. वनाला दम लागला, ॲम्ब्युलन्सने दोंडाईच्याला नेलं. सगळी गल्ली ओट्यावर. माझ्या वेळी कुत्रं आलं नव्हतं.
संध्याकाळी ज्योतीला खरं सांगितलं. रागावली नाही. गोठ्यात कोणकोण होते तेवढं विचारलं आणि चपला घालून घरोघर निघाली. रागावली असती तर बरं.

२७ मे
वना ऑक्सिजनवर. निश्चय: परत आला तर एक डाव मुद्दाम हरेन. एकच.

६ जून
वना आला. निम्मा झालाय. डॉक्टर म्हणे, लस होती म्हणून वाचला. तिथेही तोच शहाणा.
सुंदरबाईने पोळी पाठवली. खाल्ली. चांगली आहे. फार चांगली. ती दारात उभी होती. ओट्यावरून वनाने विचारलं, नवल, पोळी कशी शे? माले अजून चव समजत नाही, तू सांग.
म्हटलं, गोड शे.
तो म्हणाला, त्या दिवशीबी गोडच व्हती.