शिल्पाचा पलंग

येलहंका,
ता. १४ नोव्हेंबर

सौ. नीलावन्संना कावेरीचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल. फोन सोडून पत्र का, म्हणून हसू नका. फोन लावला की हे, तुमचे अण्णा, शेजारी येऊन बसतात. शेजारची अक्का तुमच्याच भागात, मारतहळ्ळीला लेकीकडे निघाली आहे, तिच्या हाती देते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लावून वाचा.

तुमच्या शिल्पाश्रीचा पलंग झाला. लग्नात मामाने भाचीला पलंग द्यायचा, तो केला. सागवानी, एक खिळा नाही, सगळं खाचेत ठोकून बसवलेलं. मागच्या शेडमध्ये उभा आहे. गादी मात्र घेऊ नका. घेतली असेल तर बदला. पलंग रुंदीला चार बोटं कमी आहे.

का, ते सांगते. मला गोल गोल बोलता येत नाही, तरी इथपर्यंत आले आणि पेन ठेवून भात लावून आले.

दिवाळीत यांचा खांदा दुखतो असं मी म्हटलं होतं. खांदा नाही. उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार, गोळीने थोडं दबेल. करवत धरवत नाही. चहाचा पेला मी अर्धाच भरते. पलंग मी कापला, रंधा मी मारला, खाचा मी पाडल्या. ते स्टुलावर बसून सांगतात आणि मी शिव्या खाते. लग्न झाल्यापासून त्यांच्या शेडमधला भुसा झाडत आले, झाडता झाडता बघतही होते, हे मलाच आता कळलं.

रेघ मात्र तेच मारणार. पावसाळ्यात एक गिऱ्हाईक चारचौघांत म्हणालं, "मिस्त्री, माप चुकलं हो तुमचं." यांनी पेन्सिल ठेवली ती ठेवलीच. शेडकडे फिरकेनात. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. शिल्पाचं लग्न ठरलं म्हणून उठले.

डोक्याकडच्या आडव्या लाकडावर त्यांनी माप घेतलं, रेघ मारली. टेप हातात हलत होती. मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं, कमी आहे. मी करवत धरून उभी.

"काय बघतेस? काप."

"पेन्सिल बोथट आहे."

"तुझी अक्कल बोथट. स्वल्प सरक, उजेड येऊ दे."

कापलं. बरोबर त्यांच्या रेघेवर. पायाकडचंही त्यालाच लावून कापलं, म्हणजे पलंग वाकडा तरी नाही. लाकूड गेलं तर गेलं, वन्सं. मी "चुकलं" म्हटलं असतं तर माणूस परत भिंतीकडे वळला असता.

पलंग उभा केल्यावर ते भोवती फिरले, सगळीकडून हात फिरवला.

"कावेरी, अरुंद वाटतो का गं?"

"नव्या नवरा-बायकोला किती जागा लागते?"

हसले. ठसका लागेपर्यंत हसले. त्यांना कळलंय की नाही, मला माहीत नाही. विचारणारही नाही.

आता ऐका. तुमच्या यजमानांची, मोहनकुमारांची टेप घरी ठेवून या. साखरपुड्याचा हॉलसुद्धा मोजला होता त्यांनी. काही बोलायला लागले तर चिमटा काढा. पलंग मामाने केला, एवढंच सगळ्यांना सांगायचं. कुणी माझं कौतुक केलं तर भरल्या पानावरून उठून येईन.

आणि आलात की अण्णाकडे काहीतरी मागा. पाट, चौरंग, काहीही. "अण्णा, मला करून दे" एवढंच म्हणा. उत्तराला उशीर लागेल. मध्ये बोलू नका, हाताकडे बघू नका, थांबा. हो म्हणाले की बास. कापायला मी आहे.

वाचून झालं की फाडून टाका.

तुमच्या अण्णाची,
कावेरी