कपाटातला न वापरलेला चेहरा

४ मार्च, सकाळ
आजपासून घाबरायचं नाही. ठरलं. स्टुडिओत मेकअपच्या जुन्या सामानाची खोली साफ करायचं काम लागलंय. लेकरू सोबत आणलेलं चालतं. असं काम कुठे मिळतं? सासूबाई म्हणाल्या, तू स्वतःच्या सावलीला भितेस. नाही झेपलं तर ढब्बीला मी घेऊन जाणार. सात महिन्यांची पोर ती. मी नाही देणार.

४ मार्च, दुपार
तीन कपाटं पुसली. चौथं राहिलं. त्यात व्हॅम्पायरच्या जुन्या सिनेमासाठी केलेला चेहरा आहे. रबराचा. कान वटवाघळाचे. खाली चिठ्ठी, 'वापरला नाही'. उद्या पुसते. घाबरले नाही, फडकं मळलं होतं.

५ मार्च
का वापरला नसेल? एवढा खपून केलेला. फारच भयानक झाला असणार. हिरॉईनची दातखीळ बसली असणार. मेकअपदादांना विचारलं. इथले म्हातारे मेकअपवाले ते, चेहरा त्यांच्याच वस्तादांनी केलेला. म्हणाले, आधी पूस, मग सांगतो.
नाही पुसला. ढब्बीला शिंक आली.

६ मार्च
पुसला. डोळे मिटून. कानामागून लांब नळी निघते, टोकाला रबरी गोळा. त्यातून रक्त यायचं असणार. हिरॉईन जागीच गेली असणार. दादांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, तू सिनेमेच लिहीत जा. आधी डोळे उघडून पूस, मग सांगतो.

७ मार्च, सकाळ
दुपारी सासूबाई डबा घेऊन येणार. बरंच आहे. बघू दे सून कशी वाघीण आहे ते. आज डोळे उघडे ठेवून पुसणार.

७ मार्च, संध्याकाळ
चेहरा टेबलावर काढला. नळी खाली लोंबत होती, ढब्बी खाली चटईवर. मी फडकं पिळत होते. तर चेहऱ्याच्या कपाळावरच्या शिरा टम्म फुगल्या! आपोआप! आणि आवाज, पुर्र!
मी मदत आणायला गेले. जिना उतरून थेट फाटकापर्यंत. पळाले नाही, भरभर गेले. फाटकात सासूबाई. म्हणाल्या, पोर कुठाय?
वर आलो तर ढब्बीच्या मुठीत गोळा. दाबतेय, पुर्र, खिदळतेय. दादाही पोट धरून हसतायत. म्हणाले, म्हणूनच वापरला नाही गं. शिरा झकास फुगायच्या, पण आवाज हा असा. हिरॉईन मरता मरता हसायची, अख्खा सेट लोळायचा. वस्ताद शेवटपर्यंत झुरले. इतक्या वर्षांत याला घाबरलेली तू पहिलीच. असं म्हणून मला चक्क हात जोडले. डोळे ओले होते त्यांचे.
सासूबाई नाही हसल्या. म्हणाल्या, डबा विसरतं माणूस. लेकरू विसरतं?
मी वाकले, तोवर ढब्बीला त्यांनी उचललं होतं.

११ मार्च
चारही कपाटं पुसली. चेहरासुद्धा, कानामागूनही. भीती अजिबात नाही. दादा म्हणाले, काम पक्कं.
ढब्बी सासूबाईंकडे आहे. रविवारपर्यंतच, म्हणाल्या. कुठला रविवार ते विचारायचं राहिलं. विचारणार आहे.
निघताना गोळा दाबून पाहिला. पुर्र झालं. कोणी हसलं नाही.