बेडकीची चावी

प्रिय ठकू,

फोन न करता पत्र पाठवतेय म्हणून घाबरून जाऊ नकोस. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतेय, रक्तदाबाची गोळी चुकवलेली नाही. पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी तोंड उघडलं की तुझं सुरू. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

निघायच्या आधी आपलं काय ठरलं होतं ते मला पाठ आहे. जुन्या गाड्यांच्या या आठ दिवसांच्या सफरीला मी एकटीने जायचं, पण आपली म्हातारी गाडी, बेडकी, एकदा जरी बंद पडून ट्रकवर चढली, तर घरी आल्या आल्या चावी तुझ्या हातात. मग तू शोधून ठेवलेलं ते गिऱ्हाईक रविवारी येणार आणि तिला घेऊन जाणार. अडुसष्टाव्या वर्षी, एक्कावन्न वर्षांच्या गाडीसाठी, मी पोटच्या पोरीसमोर मान डोलावली. तुझा भाऊ शेजारी उभा राहून मोबाइल बघत होता, नेहमीसारखा.

तयारी मी झकास केली होती हो. फॅनबेल्ट, रबरी नळ्या, प्लग, फ्यूज, तार, पाण्याचे दोन कॅन, ओढायचा दोर, आग विझवायचं नळकांडं. त्यात तुझा हट्ट, की आई, सगळं नवं टाक म्हणजे काळजी नको. म्हणून व्यवस्थित चालणारा जुना कंडेन्सर काढून मी नवा बसवला. अंगठ्याएवढी डबी असते ती, बिघडली की ठिणगी नीट पडत नाही आणि इंजिन आचके देतं. इथेच मी माती खाल्ली. निघायच्या तोंडावर चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे तीस वर्षं मी सगळ्यांना ओरडून सांगत आले, आणि तुझ्या नादाने मीच तो नियम मोडला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, भर चढावर, बेडकीने मान टाकली. या सफरीचा नियम असा, की बारा गाड्यांच्या मागून एक ट्रक येतो. तो पोचला की तासभर थांबतो. तेवढ्यात गाडी सुरू झाली तर ठीक, नाहीतर उचलून वर घालतो. निवृत्त बँकवाले आणि दातांचे डॉक्टर आपापल्या गाड्या थांबवून सल्ले द्यायला आले. एक म्हणे पेट्रोल गरम झालंय, दुसरा म्हणे पंप गेला. मी म्हटलं, बाजूला व्हा, माझा उजेड अडवताय. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली, ठिणगीचे पॉइंट बघितले तर जळून काळे ठिक्कर. नवाकोरा कंडेन्सर दोन दिवसांत मेला होता. जुना मी टाकला नव्हता, तुझ्या लहानपणीच्या मोज्यात गुंडाळून आणला होता. तो बसवला, पॉइंट घासले, चावी फिरवली. बावीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली आणि ट्रकवाल्याचा चहासुद्धा पिऊन झाला नव्हता.

आता एक गोष्ट सांगते, ती तुला आवडणार नाही. तुला आणि तुझ्या भावाला वाटतं, बाबा होते म्हणून गाडी चालायची. अगं, तुझ्या बाबांना पाना कुठल्या बाजूने धरायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही! गाडी बंद पडली की ते बॉनेट उघडायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि जमलेल्या लोकांना गाडीचा इतिहास ऐकवायचे. खाली वाकलेली मी असायचे. कारखान्यात दिवसभर शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईला इंजिनाची कसली भीती? गाडी सुरू झाली की लोक त्यांच्याशी हात मिळवायचे, आणि माझे हात काळे म्हणून माझ्याशी कोणी मिळवायचं नाही. मी कधी बोलले नाही. त्यांना तेवढंच सुख होतं, आणि माणूस मनाने फार चांगला होता. त्यांची आठवण येते मला, रोज येते. पण गाडी माझ्या हातांनी चालायची, हे आता तरी ऐकून ठेव.

सहाव्या दिवशी मात्र हे हात उपयोगी पडले नाहीत. सपाट, सरळ रस्ता. मागून खाडकन आवाज झाला. गिअर पडतोय, इंजिन ओरडतंय, गाडी तसूभर हलत नाही. ऐकताक्षणी समजलं, मागचं चाक फिरवणारा ॲक्सल तुटला. रस्त्यावर बसून त्याला कोणी काही करू शकत नाही. तरी मी खाली घुसले, उगाच. ट्रक आला, तास भरला, साखळ्या लावून बेडकीला वर चढवलं. मी रडले का? रडले, चांगली हमसून रडले, बारा गाड्यांच्या देखत. दातांच्या डॉक्टरांनी काढलेला फोटो न सांगता पुसून टाकला. आता मी इथल्या एका मेकॅनिकच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत राहतेय. तो माझ्याच वयाचा आहे, तिरसट आहे, पण हात सोन्यासारखा. लेथवर नवा ॲक्सल करून घेतोय. मला आधी खुर्ची दिली होती, आता पाना देतो.

हे सगळं मला सहज लपवता आलं असतं. फोटो नाही, बँकवाले बोलणार नाहीत, तुला पत्ता लागला नसता. पण खोटं बोलून गाडी राखायची तर ती चोरी झाली. म्हणून उघड लिहितेय: बेडकी ट्रकवर चढली. अट मी हरले. आणि चावी मी देणार नाही. जन्मात पहिल्यांदा तुला दिलेला शब्द मोडतेय, तुझ्या तोंडावर, सही करून. माझी चूक गाडी नेण्यात नव्हती गं, तुझ्या अटीला हो म्हणण्यात होती. माझ्याच गाडीत बसायला मी तुझी परवानगी मागितली, आणि तू ती दिलीस, आणि त्यात वावगं काही आहे असं आपल्या दोघींनाही वाटलं नाही. गाडी बंद पडते, ठकू. मीही एक दिवस पडेन. तोपर्यंत मला कोणी ट्रकवर घालायचं नाही. त्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळव. ॲक्सल गुरुवारी बसतोय. सफर संपून गेली असेल, राहिलेले दोन दिवस मी एकटीच पुरे करणार आहे. रागावलीस तर खुशाल रागव, चार दिवस बोलू नकोस. पाचव्या दिवशी ये, शेजारची सीट रिकामी आहे.

तुझीच,
शब्द मोडलेली आई