जनरलसाहेबांचा गुडघा

३ मार्च
सिंगापूरच्या आमच्या शिपिंग ऑफिसात नवा सल्लागार. अमेरिकन आर्मीचा निवृत्त जनरल. नेव्हीचा नव्हे, आर्मीचा! जहाजं आमची, लढाई आखातात, आणि अक्कल शिकवणार रणगाडेवाला. आल्या आल्या माझा डबा बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला. "तुझी माणसं कणखर आहेत," म्हणाला. माझी माणसं म्हणजे खलाशी. मी क्रूइंगला, जहाजावर कोण चढणार, कोण उतरणार ते बघते. त्यातलाच एक निखिल, माझा धाकटा भाऊ, सेकंड इंजिनिअर. त्याचं जहाज आखातात, सामुद्रधुनीच्या आत अडकलंय, नांगर टाकून.

५ मार्च
अलिबागहून आईचा फोन. "एवढा मोठा जनरल बसलाय ना तुमच्याकडे? मग त्याला सांग की, निखिलला आधी काढा म्हणून." आईला तो नवसाला पावणारा देव वाटतो. काय सांगू तिला.

६ मार्च
व्हिडिओ कॉल. पलीकडे सध्या लढाईवर असलेला जनरल, आमच्या जनरलच्या हाताखालचा जुना माणूस. आधी दोघांचं गोल्फ. मग पलीकडचा म्हणाला, जहाजाबरोबर युद्धनौका देऊ. "शक्य झाल्यास" हे शेवटी, घसा खाकरत. मी ऐकलं. बाकीच्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.
मी आमच्या जनरलला विचारलं, तुम्ही जाल का त्या जहाजावरून? "मॅडम, गेलो असतो. पण हा गुडघा!" सगळे हसले. मीही हसले, मेली सवय.

८ मार्च
युद्धक्षेत्रातून जहाज न्यायला नाही म्हणायचा हक्क खलाशाला असतो, म्हणून प्रत्येकाला फोनवर विचारावं लागतं. मराठी पोरांना मी विचारायचं. "दे ट्रस्ट यू," जनरल म्हणाला. निखिललाही मीच. स्पीकर चालू, जनरल समोर पाय पसरून.
इंग्रजीत विचारायचं ते विचारलं. मग त्याच सुरात मराठीत, "नाही म्हण. घरी ये. बाकीचं मी बघते."
तो हसला. "ताई, थर्ड इंजिनिअर उतरतोय, त्याला मुलगी झालीय. मीही उतरलो तर खाली इंजिनावर एकटा चीफ. साठीचा माणूस गं." आणि मग मोठ्याने, "येस, आय अ‍ॅम विलिंग."
जनरलने विचारलं, काय सांगितलंस त्याला? म्हटलं, वेळेवर जेव म्हणाले.
"गुड मॅन. असे शंभर दे मला."
तुझ्या शंभरांत माझा एकच आहे रे, मेल्या.
घरी पुंगोलला आले तर माझी लेक इरा दारातच. "मामा coming for my birthday or not, lah?" तिच्यावर उगाच ओरडले.

९ मार्च
रविवार. इराला घेऊन ईस्ट कोस्टला. समुद्राच्या कडेने एक लाल टी-शर्ट सायकलवर सुसाट. जनरल! गुडघा अगदी झकास चालत होता. मला बघून हात केला. मी केला नाही. अंगाची लाही लाही झाली.

११ मार्च
निखिलच्या जहाजाने उद्या निघायचं ठरलं. युद्धनौका येणार का, हे तीनदा विचारलं. जनरल म्हणाला, "त्याने मला शब्द दिलाय." कोणाच्या जिवावर, हे तो बोलला नाही.

१२ मार्च
सकाळी निखिलचा मेसेज. "निघालो. एस्कॉर्टची युद्धनौका दिसत नाही कुठे. तुझा जनरल काय म्हणतो?"
तुझा!
धावत पॅन्ट्रीत गेले. जनरल काया टोस्ट, इथला नारळाच्या जॅमचा, अंड्यात बुडवून खात होता. "प्लॅन बदलतात. कमांड म्हणजे हेच असतं." खाणं थांबलं नाही. विचारलं, गुडघा कसा आहे तुमचा? तेव्हा कुठे वर बघितलं.
जागेवर येईपर्यंत स्क्रीनवरचा निखिलच्या जहाजाचा ठिपका गेला होता. धोक्याच्या पट्ट्यात जहाजं आपण कुठे आहोत ते कळवणं बंद करतात. माहीत आहे मला. मीच नव्या पोरांना समजावते.
निखिलला लिहिलं, "कॅप्टनला सांग, परत फिरा."
एक टिक.
चार वाजले. आईचे दोन मिस्ड कॉल. अजून एकच टिक.